रशीदभाईचं निशाण

सकाळचा चहा अर्धा झाला होता, तेव्हा फाटकाशी जीप थांबली. कारंजा ते कामरगाव फेऱ्या मारणारा शेषराव हॉर्न दिल्याशिवाय कुठे थांबत नाही. त्या दिवशी त्याने हॉर्न दिला नाही. खाली उतरला, फाटकाला हात लावून उभा राहिला आणि चपलेने माती उकरत म्हणाला, "मास्तर, चाला. रशीदभाई गेला." मी विचारलं, कुठे गेला? खरंच विचारलं... पत्रा आणायला मूर्तिजापूरला जायचं म्हणत होता तो, तेच माझ्या डोक्यात होतं. शेषरावने जीपचं दार उघडून धरलं. मी सदरा बदलला आणि पुढच्या सीटवर बसलो. जीपच्या बॉनेटला कुठल्याशा यात्रेत बांधलेलं एक लहानसं फडकं होतं. गाडीने वेग घेतला तसं ते फडफडत मागे, आमच्या काचेकडे उडायला लागलं. मला ते बघवेना. कामरगाव येईपर्यंत मी बाजूच्या तुरीकडे बघत बसलो. शेषरावला वाटलं असेल, मास्तर रडतोय. रडत नव्हतो. त्या फडक्याचा राग येत होता.

रशीदभाईचं वर्कशॉप कामरगावच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पुढे पत्र्याचं शेड, मागे घर, मधे पडदा टाकलेलं दार. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे हा त्याचा धंदा, आणि उरलेल्या लोखंडातून प्राणी-पक्षी करणं हा नाद. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचो. शाळा सुटली की त्याच्याकडच्या लाकडी खोक्यावर बसायचं, आणि तो काम करताना त्याला पेपरमधलं वाचून दाखवायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. ग्राइंडरच्या आवाजाने त्याचे कान गेले होते, म्हणून मी ओरडून वाचायचो. स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही फुकटात बातम्या मिळायच्या. तो मला 'मास्तर' आणि 'तू' म्हणायचा. हेडमास्तरांसमोर 'तुमी' म्हणायचा आणि ते गेले की लगेच 'तू'वर यायचा.

फाट्यावर त्याने भंगारातून एक बैलजोडी उभी केली होती. एका बैलाने मान खाली घातलेली, दुसऱ्याने जुवाखाली मान घालायला किंचित नकार दिलेला. त्या नकारासाठीच ती जोडी बघायला लोक गाडी थांबवायचे. आपल्याकडे प्रत्येक गावाला चौकात काहीतरी उभं करून स्वतःला सांगावंसं वाटतं, की आम्ही हे आहोत. आमच्याकडे वऱ्हाडात बैल असतात, कापसाचं बोंड असतं. समुद्राकाठी गलबत असतं, दीपस्तंभ असतो. कारंज्याला पूर्वी नोकरीला असलेल्या एका इंजिनियरची बदली कोकणातल्या एका बंदराच्या गावी झाली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या चांगल्या माणसांना उगाच लाज वाटेल. पूर्वी तिथून शिडाची गलबतं दूरदूर जायची. त्या दर्यावर्दी लोकांची आठवण म्हणून जेटीच्या तोंडाशी स्मारक करायचं ठरलं. जुन्या दीपस्तंभाची प्रतिकृती, समुद्रावरून परत न आलेल्यांची नावं कोरलेला एक काळा दगड, आणि मधोमध लोखंडी गलबत. इंजिनियरला बैलजोडी आठवली.

रशीदभाईने समुद्र पाहिला नव्हता. मी एकदा शाळेच्या सहलीबरोबर पाहिला होता, आणि तेवढ्या भांडवलावर मी त्याचा सल्लागार झालो. "मास्तर, मले सांग, पाणी नावेले कुठपर्यंत लागते?" "लाट फुटते तं पहिले वाकते का पहिले फेस येते?" मी ठोकून द्यायचो. नूरभाभी, त्याची बायको, पडद्याआडून म्हणायची, "मास्तरभाऊ, तुमी तं घंटाभरच गेलते म्हने तिथं." इंजिनियरने जुन्या गलबताचं एक चित्र पाठवलं होतं. त्यात शीड होतं, डोलकाठी होती, सुकाणू होतं. निशाण नव्हतं. ते तुमच्या मनाने लावा, असं त्याने फोनवर सांगितलं. मोबाइलवर फोटो शोधावेत, तर आताच्या सगळ्या बोटी इंजिनाच्या. शिडाच्या जुन्या दिसायच्या, त्या बंदरात उभ्या, शीड गुंडाळलेल्या.

निशाण त्याने मनाने लावलं नाही. मनाने लावणारा माणूसच नव्हता तो. नूरभाभीची एक जुनी ओढणी घेतली, बांबूच्या टोकाला बांधली, मला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि बांबू धरायला लावला. कामरगाव ते कारंजा रस्त्यावर आम्ही फेऱ्या मारल्या. तो मधेच आरशात बघायचा, मधेच गाडी थांबवून कागदावर ओढणीच्या घड्या काढायचा. पारावरून लोक ओरडायचे, "मास्तर, मोर्चा कायचा हाय?" त्या ओढणीची शेवटची एक घडी, जिथे कापड वाऱ्यात आपटून परत उलटं वळतं, ती त्याला पत्र्यात साधेना. तीनदा पत्रा फेकला. चौथ्यांदा साधली. त्या दिवशी त्याने मला शेडमधून हाताला धरून बाहेर आणलं, निशाण दाखवलं आणि म्हणाला, "आता पाह्य. लोखंडाले वारा लागला." खरंच लागला होता. मी आजवर अनेक पुतळे, स्मारकं पाहिली. तसं उडणारं लोखंड दुसरं पाहिलं नाही.

ट्रकबरोबर आम्ही दोघेही गेलो. घाट उतरताना तो केबिनमध्ये बसायला तयार नव्हता. मागे, दोरांनी जखडलेल्या गलबताजवळ उभा राहून प्रत्येक वळणाला "हळू, हळू" ओरडत होता. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तो त्याच्याकडे पाठ करून डोलकाठीचा दोर तपासत होता. मीच म्हटलं, अरे, मागे बघ. त्याने वळून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मोठा हाय." आणि परत दोराकडे वळला.

क्रेनने गलबत चौथऱ्यावर बसलं. नाक समुद्राकडे, शीड फुगून पुढे झुकलेलं, आणि डोलकाठीच्या टोकावर ते निशाण, मागे गावाच्या दिशेने फडकणारं. दुसऱ्या दिवशी दहाला अनावरण होतं. समितीचे लोक खूश होते. दुपारपासून जेटीवरचे खलाशी दोघे-तिघे मिळून यायला लागले. वर बघायचे, एकमेकांत काही बोलायचे आणि निघून जायचे. रशीदभाई माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. आमच्याकडे नवी ट्रॉली पसंत पडली की गिऱ्हाईक तिच्या चाकाला लाथ मारतं. न बोलता मागे हात बांधून फिरायला लागलं, की समजायचं काहीतरी बिघडलंय. "मास्तर," तो म्हणाला, "काही तरी गलत हाय. लोकं वरतं पाहून राह्यले अन् मुकाट जाऊन राह्यले." मी म्हटलं, परकी माणसं आहेत, बुजतात. तो म्हणाला, "बुजत नाई. लपवून राह्यले."

कठड्यावर एक म्हातारा केव्हाचा बसून होता. गोविंद तांडेल. पूर्वी शिडाच्या होडीवर वाढलेला आणि अजूनही स्वतःची बोट चालवणारा, असं नंतर कळलं. रशीदभाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, माह्यं काय चुकलं ते सांगा. मले सकाळच्याले लोकाईपुढं उभं राहा लागते."

तांडेल म्हणाला, "तुमी पाव्हणे. मी बोलणार नव्हतो." मग त्याने विचारलं, "ह्या गलबताला वारा कुठनं लागतोय, भाऊ?"

रशीदभाईने निशाणाकडे बोट केलं. वारा समोरून येतो, म्हणून निशाण मागे उडतं. "मग शीड?" तांडेलने विचारलं. "शीड तर पुढं फुगलंय. त्याला वारा मागनं लागतोय. एका काठीवर दोन वारे कसे?" आम्ही दोघे वर बघत राहिलो. म्हातारा शांतपणे सांगत होता. गाडी वाऱ्यात घुसते, म्हणून गाडीवरचं फडकं मागे उडतं. गलबताला वाराच ढकलतो. मागून वारा भरला की शीड आणि निशाण दोन्ही पुढे. हे इथलं पोर पण सांगेल... तो थांबला आणि काळ्या दगडाकडे बघून म्हणाला, "माझ्या भावाचं नाव हाय त्या दगडावर. वाऱ्याचा अंदाज चुकला त्याचा."

 मी रशीदभाईला समजावलं. मी म्हटलं, राहू दे. उद्या पाहुणे येतील, हार घालतील, जातील. पुढे सावकाश बघू. स्मारक काही समुद्रात सोडायचं नाहीये. मला आजही वाटतं की मी व्यवहाराचं बोललो होतो. तो उठला आणि समितीच्या अध्यक्षांकडे निघाला.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. पत्रिकेवर निशाणासकट फोटो छापला होता, मोठे पाहुणे निघाले होते, वेल्डिंगचं सामान ट्रकबरोबर परत गेलं होतं, ग्राइंडर तेवढा उरला होता. म्हणजे निशाण कापता येईल, पण फिरवून पुन्हा बसवता येणार नाही. "बोडकी डोलकाठी दाखवू काय मी लोकांना?" ते म्हणाले. रशीदभाई आपलं एकच धरून बसला, चुकीचं निशाण ठेवून मी जाणार नाही. तेव्हा अध्यक्षांनी चौथऱ्यावरच्या कोनशिलेकडे हात केला. तिच्यावरची सगळी अक्षरं रंगवून झाली होती, शिल्पकाराची एक ओळ तेवढी पेंटर सकाळी भरणार होता. "हात लावलात, तर काम अपुरं सोडलं असं धरू. अपुऱ्या कामावर नाव येत नाही. विचार करा." असं म्हणून ते जेवायला गेले.

नाव. आता वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? ट्रॉलीच्या मागे नाव घालायची आमच्याकडे पद्धत आहे. मालकाचं, त्याच्या पोरांचं, देवाचं, पिराचं. बनवणाऱ्याचं नाव कुणी घालत नाही. फाट्यावरच्या बैलजोडीवर तिच्यासाठी जागा देणाऱ्या सावकाराचं नाव आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं वेल्डिंगने काढलेल्या माणसाचं नाव दगडावर पहिल्यांदाच येणार होतं. घरून निघताना त्याने नूरभाभीला सांगितलं होतं, मोबाइलवर फोटो पाठवतो, तू वाचून घे. भाभी माझ्याकडून प्रौढवर्गात वाचायला शिकलेली. हे सगळं मला माहीत होतं, आणि म्हणून मी त्याला पुन्हा म्हटलं, राहू दे रे.

"मास्तर," तो म्हणाला, "त्या काळ्या दगडावर बी नावं हायेत."

पहाटे फजरची नमाज पढून तो डोलकाठीभोवतीच्या परांचीवर चढला. उजाडत होतं. समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता आणि बांबू करकरत होते. साठी उलटलेला माणूस, दम लागायचा, एका हातात ग्राइंडर. खाली मी, आणि न बोलावता आलेला गोविंद तांडेल, त्याच्याबरोबर चार खलाशी. तांडेलने निशाणाला बांधायला दोर वर पाठवला, गाठ कशी मारायची ते खालून सांगितलं आणि दुसरं टोक खलाशांच्या हातात दिलं. पत्रा सुटला की वारा त्याला पकडणार, आणि तो रशीदभाईच्या मानेवर आला तर... कुणी ते वाक्य पुरं केलं नाही. ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या वाऱ्याबरोबर गावाकडे उडायला लागल्या. मधेच परांची हलली, रशीदभाईने डोलकाठीला मिठी मारली आणि ग्राइंडर वायरीला लटकत राहिला.  "उतर," मी ओरडलो. माझा एकट्याचा आवाज त्याला ऐकू गेला नसणार.

मग तांडेल मधे उभा राहिला. तोंड समुद्राकडे. तो पाण्याकडे बघत होता, पाण्यावर काळी लहर सरकत आली की हात वर करायचा आणि चारही खलाशी एका दमात, वर त्याच्या कानापर्यंत पोचेल असं ओरडायचे, "थांब!" रशीदभाई ग्राइंडरचं चाक उचलून घ्यायचा आणि डोलकाठीला धरून राहायचा. वाऱ्याचा झोत वरून निघून जायचा. तांडेल हात खाली करायचा. "काप!" परत ठिणग्या. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. रशीदभाई खाली बघत नव्हता, फक्त त्या हाकेवर चाक टेकवत होता आणि उचलत होता. दोघांनी आदल्या संध्याकाळपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटचा तुकडा तुटला तेव्हा निशाण एकदम वर उसळलं, दोर ताणला गेला, खलाशी दोन पावलं ओढले गेले, आणि मग ते हळूहळू खाली आलं. तांडेलने ते हातात घेतलं. त्या शेवटच्या घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काम लय भारी हाय, भाऊ. वारा तेवढा तुमच्याकडचा लागलाय."

रशीदभाई हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

अनावरण झालं. पाहुण्यांनी बोडक्या डोलकाठीकडे बघितलंसुद्धा नाही, सागरी वारशावर भरपूर बोलले. कोनशिलेवर शेवटची ओळ रिकामी राहिली. रशीदभाई गर्दीच्या मागे पोत्यात गुंडाळलेलं निशाण पायाशी ठेवून उभा होता. मी रागाने हाताची घडी सोडली नाही, तो टाळ्या वाजवत होता. पुढे नारळी पौर्णिमेला खलाशांनी त्या काठीवर खरं कापडी निशाण चढवलं, आणि आता दर वर्षी चढवतात. मी एकदा तांडेलला फोनवर चिडवलं, की वारा उलटा असेल तेव्हा तुमचं कापड पण शिडाच्या विरुद्ध उडतच असेल की. तो म्हणाला, "त्या दिवशी गलबत नांगरून पडलंय असं समजायचं, मास्तर."

कापलेलं निशाण रशीदभाईने वर्कशॉपच्या छपरावर चढवलं. ट्रॉलीच्या चाकातली एक बेअरिंग घेऊन त्यावर बसवलं, म्हणजे वारा येईल तसं ते फिरेल. "आता कोनी गलत म्हनून दाखवा," तो म्हणाला. ट्रॉली घ्यायला आलेले शेतकरी हसायचे, हे कायले म्हणून विचारायचे. ते कशासाठी ते मला नंतर कळलं. गोविंद तांडेल समुद्रावरून परत आला की त्याला फोन करायचा. रशीदभाईचे कान असे, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. तिकडून पहिला प्रश्न एकच असायचा, "वारा कुठला हाय आज तुमच्याकडं?" मग रशीदभाई हातातलं काम टाकून अंगणात जायचा, मान वर करून निशाण बघायचा आणि आत येऊन सांगायचा. त्यापुढे दोघे काय बोलायचे? फारसं काही नाही. मासळी, ट्रॉली, गुडघे. वऱ्हाडातल्या वाऱ्याचं तांडेलला काय करायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. बेअरिंग कुरकुरू नये म्हणून रशीदभाई न चुकता शिडी लावून वर जायचा आणि ग्रीस भरायचा. भाभी खालून ओरडायची, पडाल एखाद्या दिवशी. तो पडला नाही. झोपेत गेला.

त्या दिवशी कब्रस्तानातून परत आल्यावर तांडेलला मीच कळवलं. पलीकडे समुद्राचा आवाज येत राहिला, मग फोन बंद झाला.

परवा, दफनाला काही आठवडे झाल्यावर, मी कामरगावला गेलो. शेडचं कुलूप रशीदभाईच्या जावयाने उघडून दिलं आणि तो स्टँडवर गेला. मी खोक्यावर बसलो. सवयीने पेपर आणला होता, तो उघडला नाही. नूरभाभी इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे बाईने घरातच राहण्याचे महिने, पाळत होती. पडद्याआडूनच तिने चहा पाठवला, तब्येत विचारली. वर छपरावर वारा होता. एवढ्या दिवसांत बेअरिंग वाळून किंचाळत असेल अशी माझी समजूत होती, म्हणून मी कान देऊन ऐकत होतो. आवाज नव्हता. विचारलं, तेव्हा भाभी म्हणाली, "जावयाले चढवलं काल. ग्रीस भरून घेतलं. त्याईले कुरकूर आवडत नव्हती."

आणि तेवढ्यात आत फोन वाजला. रशीदभाईचा फोन. वाजत राहिला.  कोण असेल हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला वाटलं, बंद पडला तर बरं. तो बंद पडला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. मग पडद्याखालून तिचा हात आला, फोन माझ्याकडे सरकवला. "तुमी बोला," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. स्पीकर सुरूच होता. मी बोलतोय म्हटलं. पलीकडे तांडेल खाकरला. "मास्तर... आत्ताच बोट लावली," तो म्हणाला. "हात आपसूक गेला फोनकडं." मग थांबला.   त्याचं सांत्वन मी करायचं, की त्याने माझं? पुन्हा तो समुद्राचा आवाज. आणि मग, विचारू की नको अशा आवाजात त्याने विचारलं, "वारा कुठला हाय आज?"

मी उठायला गेलो. खोक्याला धरून उभा राहतोय तोवर पडद्यामागे चपला सरकल्याचा आवाज झाला. मागच्या अंगणाचं दार उघडलं. छपरावरची तिची ती पत्र्याची ओढणी तिकडून दिसते. थोड्या वेळाने चपला परत आल्या, पडद्यापाशी थांबल्या.

"पश्चिमेचा हाय," नूरभाभी म्हणाली. "त्याईले सांगा, तुमच्याकडूनच येऊन राह्यला."